उसना रवंथ

आबा, तांबडीने रवंथ बंद केल्याला आज चौथा दिवस आहे. तुमच्या हाताखाली वाढलेल्या गायीची ही नात, तुम्ही गेल्यावर जन्मलेली, तुम्ही हिला पाहिलेलं नाही. डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शन देऊन गेले. आई गोठ्यातून उठत नाही. तांबडीच्या पाठीवर हात ठेवून एकच म्हणते, "केयना पाला मीच जास्त टाका. बठ्ठं मन्हंच चुकनं." मी शेजारी उभी असते.

तुम्ही चोपड्याकडच्या त्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतात, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचात, तेव्हाची एक सकाळ मला सारखी आठवते. मी कॉलेजात होते, दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. आपली गाय चारा सोडून बसलेली. तुम्ही शेजारच्या म्हशीच्या जबड्यात हात घालून तिचा चघळलेला घास काढता, कोपरापर्यंत हिरवी लाळ, आणि धावत येऊन तो गायीच्या तोंडात कोंबता. उसना रवंथ, म्हणायचात तुम्ही. मी मैत्रिणींसमोर म्हणाले, "आबा, किती घाण! लोक काय म्हणतील?" तुम्ही हौदावर हात धुतलात, रागावला नाहीत. "गायनं पोट म्हणजे गाव शे, पोरी. गाव उठी गयं ते गाय कशी जगी?" मैत्रिणी हसल्या. मीही हसले.

आता मी धुळ्याला, देवपूरमध्ये, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. काम तुमच्याच गावाचं आहे, आबा. गायीच्या पोटातलं, गवत पचवणाऱ्या सूक्ष्म जिवांनी भरलेलं पाणी हवाबंद बाटल्यांत भरायचं आणि त्यात पेप्टाइड घालायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे. जंतू मारायला शरीर स्वतःच असले तुकडे बनवतं. मिथेन वायू करणारे जीव त्याने मरतात का, ते पाहायचं. त्यांची एक जात लगेच फुटते, दुसरी दाद देत नाही. एका बाटलीत वायू निम्म्याहून कमी झाला, तेव्हा मला फार आनंद झाला. त्या बाटलीच्या तळाशी गवत तसंच पडलेलं होतं, पचलेलं नव्हतं. ते मी पाहिलं होतं. वहीत मात्र फक्त वायूचं लिहिलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला, तांबडीचं पोट फुगतंय. मी शिल्लक राहिलेलं पेप्टाइड घेऊन बसने आले. पोटातला वायू कमी होईल, एवढाच विचार केला. गुळाच्या पाण्यातून बाटलीने पाजलं. कोणाला विचारलं नाही, डॉक्टरांनाही अजून सांगितलेलं नाही. फुगवटा उतरला. दुसऱ्या सकाळी जबडा हलेना. केळीच्या पाल्याने झालं की माझ्या बाटलीने, की दोन्हीने, मला खरंच कळत नाही. पण एवढं कळतं, की मी गाव उठवलं असेल.

आज सकाळी मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांची म्हैस रवंथ करत होती. तिच्या तोंडात हात घातला तशी काकू ओरडल्या, "काय वं कालेजवाली, मन्ही म्हैसनं उष्टं चोरस का?" मी रडायलाच लागले. मग त्याच पुढे आल्या. "रडू नको. मी शिंग धरस, तू काढ." तीनदा घास आणला. पहिले दोन घास तांबडीने खाली टाकले. तिसरा गिळला. तेव्हापासून मी तिच्या कुशीला कान लावून बसले आहे, तुम्ही लावायचात तसा. आत काही ऐकू येत नाही.

आईने मघाशी माझ्या बरबटलेल्या हाताकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा सैल झाला. "बापनागतच करस तू," म्हणाली. मग पुन्हा गायीकडे वळून पाल्याचंच बोलू लागली.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, आबा. आई चार पावलांवर बसली आहे आणि बाटलीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.