आबांचं मत, आणि माझं

धुळाजीची वस्ती, ता. माजलगाव
२४ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. सोमनाथदादास,
ऋतुजाचा नमस्कार. घरी सगळे बरे. काळ्या मेंढीला जुळं झालं. त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं हट्टी आहे.

तुझं बीडहून आलेलं पत्र मिळालं. भोपाळला सैन्यातले अधिकारी निवडताना आईवडिलांचं आपल्याबद्दल मत काय तेही लिहून घेतात, हे मला नवीनच. सरावाला तू ‘वडिलांना माझा अभिमान वाटतो’ असं लिहिलंस आणि क्लासच्या कॅप्टनसाहेबांनी ते खोडलं. बरं केलं. अभिमान हा शब्द आबांच्या तोंडून कधी कुणी ऐकलाय?

तू सांगितलंस म्हणून विचारलं. आबा मेंढरं कोंडायच्या वाडग्याची जाळी बांधत होते.

“आबा, दादाबद्दल तुमाला काय वाटतं?”

“कावून? काय केलं त्यानं?”

“भोपाळच्या सायबांला सांगायचं हाय.”

जाळीची गाठ आवळून म्हणाले, “सांग, सोम्याला मेंढरातलं काय बी येत न्हाई. एक मेंढी लंगडली की समदा कळप थांबवून बसायचा. लई मार खाल्ला त्यानं माझा. पन मागं ऱ्हायलेलं जनावर कधी सोडून आला न्हाई.”

हे असंच लिही, सजवू नकोस. आईला विचारलं तर ती रडायलाच लागली. तेच तिचं मत समज.

माझ्या बारावीचं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा पावसापाण्याचं लिहून मोकळी झाले. दादा, दसऱ्यापासून मी कॉलेजात गेलेले नाही. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना लांबचं दिसत नाही, मेंढरं परक्याच्या ज्वारीत शिरली आणि त्या माणसाने आबांवर काठी उगारली. दुसऱ्या दिवसापासून मी मेंढरांमागे जाते. कुणी सांगितलं नव्हतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन करतात, पण आई त्यांना घेऊन तिकडे राहिली तर इथे मी एकटी. म्हणून तेही राहिलंय.

हे वाचून तू लगेच एसटीत बसशील, तुला ओळखते मी. बसू नकोस. भोपाळची गाडी चुकवलीस तर माझं हे वर्ष फुकट गेलं.

बहिणीचं मत तिथे कुणी विचारत नसेल, तरी सांगते. मला तुझा राग येतो. वर्गातल्या मुली सायकलवरून जाताना दिसल्या की मी तोंड फिरवते, तेव्हा तर फार येतो. आणि तू अधिकारी व्हावास असंही माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल. दोन्ही खरं आहे.

निवड झाली तरी आणि नाही झाली तरी भोपाळहून सरळ घरी ये. मेंढरांमागची काठी तू घे, मी आबांना अंबाजोगाईला नेते. पुढे तुला रुजू व्हायचा हुकूम आला तर खुशाल जा, तोवर आबांना दिसू लागलेलं असेल. जूनमध्ये मी कॉलेजात जाणार आहे. हे तुला विचारत नाही, सांगते आहे.

तुझी धाकटी,
ऋतुजा