थेंब नाचेपर्यंत

माय, तू गेलीस त्याला आता बावीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि तुला वाचता येत नव्हतं हेही आहेच. पण मागच्या महिन्यात आपल्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात एक काम झालं, आणि ते ज्याला सांगावं असं तुझ्याइतकं जाणकार माणूस मला अख्ख्या जिंतुरात सापडेना. म्हणून लिहायला बसलो.

वालूरकडचा एक माणूस आला होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा मात्र तरुणपणीच कोकणात गेला आणि किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यातल्या स्कूटरवर फिरवत दहा वर्षं राहिला. परत येताना स्वतःची एक जुनी जेट स्की घेऊन आला. हिला बसायला सीटच नसतं. उभं राहून चालवायची, तोल गेला की पाण्यात. येलदरीच्या धरणावर तो सराव करतो हे ऐकून मी पोट धरून हसलो. आपल्याकडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी भांडणं, आणि हा गडी पाण्यावर शर्यती लावायला निघालेला! त्याला राग आला नाही. म्हणाला, कोकणातल्या शर्यतीत सगळ्यांची इंजिनं मोठी, मी दरवेळी मागं राहतो, मला सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, मोठी करून द्या. तयार मोठा सिलिंडर परदेशातून येतो, तो त्याच्या आवाक्यातला नव्हता. स्वस्तातला मार्ग एकच होता. जुन्या सिलिंडरमधली लोखंडी नळी, म्हणजे लायनर, काढायची, अ‍ॅल्युमिनियमचं अंग आतून रुंद करायचं, त्यात मोठा लायनर बसवायचा आणि मोठ्या पिस्टनच्या मापानं कातायचा. दोन ठिकाणी त्याला नाही म्हणाले होते. "मामा, दुसरा सिलिंडर न्हाई माज्याकडं. ह्यो गेला तर समदं गेलं बगा," असं म्हणून त्यानं सिलिंडर माझ्यापुढं सरकवला. मी हो म्हणालो. म्हणालो खरा, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

कारण लायनर ठोकून बसत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. सिलिंडर तापवून फुगवायचा, लायनर बर्फात गारठवून आकसवायचा आणि एका दमात आत सोडायचा. त्याच्या अंगाला हवा-पेट्रोल जाण्यायेण्याच्या खिडक्या असतात, त्या सिलिंडरच्या खिडक्यांसमोरच यायला हव्यात. हातात वेळ असतो पाचसहा श्वासांचा. मध्येच अडकला तर मग तो वर येत नाही की खाली जात नाही.

माझ्या लहानपणी बापाच्या, आप्पांच्या, दुकानात भट्टी कुठली? भट्टी म्हणजे तुझी चूल. भाकरी झाल्या की तू तवा उतरवतेस, त्या जागी जाड पत्रा ठेवतेस आणि आप्पा मोटारसायकलीचा सिलिंडर आणून त्यावर ठेवतात. तू बोटं पाण्यात बुडवून एक थेंब उडवतेस. थेंब चर्र करून जागेवरच वाळला की म्हणतेस, "कच्चं हाय." थेंब गोळी होऊन नाचत पळाला की म्हणतेस, "घ्या." बर्फात खडेमीठ घातलं की गारठा वाढतो हेही तूच कुल्फीवाल्याकडून पाहून आप्पांना सांगितलंस. बाहेर गिऱ्हाईक वाहवा करायचं आणि आप्पा म्हणायचे, "आपला अंदाजच तसा हाय." तू आत चहाला आधण ठेवलेलं असायचं.

एकदा आप्पा परभणीला गेले असताना मी मोठेपणा करायला गेलो. थेंब चर्र करून वाळला, तरी मी लायनर सोडला. तो अर्ध्यात अडकला आणि सिलिंडर वाया गेला. तू ओरडली नाहीस. पदरानं हात पुसत म्हणालीस, "भाकर पलटायची घाई अन् इंजीन बसवायची घाई, दोनी एकच. वरून चांगलं दिसायलंय अन् पोटात कच्चं राहायलंय." दुसऱ्या दिवशी जुन्या वाकळीच्या चिंध्यांचे जाडजूड हातमोजे शिवून दिलेस. चूक केल्यावर बक्षीस मिळालेला जिंतुरातला मी एकटाच असेन.

आता चूल राहिली नाही. मी सिलिंडर घेऊन बेकरीत गेलो. दुपारी पाव निघून गेल्यावर बेकरीवाल्या चाचांनी भट्टी मोकळी करून दिली. "क्या पकाने लाये उस्ताद?" म्हणून ते हसत होते, आणि वालूरचा तो माणूस दाराशी उभा राहून घाम पुसत होता. माझ्या हातात लांबून उष्णता मोजायची बंदूक होती, करोनात कपाळावर रोखायचे तसली, जावयानं दिलेली. सिलिंडर बाहेर ओढला, बंदूक रोखली. आकडा फारच कमी आला. मग थेंब उडवला. थेंब गोळी होऊन नाचत पळाला.

माय, आता कुणाचं ऐकायचं? बंदूक म्हणते परत आत ठेव, थेंब म्हणतो सोड. परत ठेवला आणि जास्त तापला तर अ‍ॅल्युमिनियम मऊ पडून वाकडं होणार. चाचा म्हणाले, "मशीन झूठ कशाला बोलंल?" मी बंदूक पिठाच्या पोत्यावर ठेवली, बर्फातला लायनर पुसला, खिडक्यांची खूण धरली आणि सोडला. ठक्. बुडाला जाऊन बसला, खिडकीसमोर खिडकी. जावई नंतर फोनवर म्हणाला, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बंदूक फसते, आकडा कमी दाखवते. तुला फसवणारं भांडं मात्र मी कधी पाहिलं नाही. मला तुझा इतका अभिमान वाटला की चाचांसमोर डोळे पुसावे लागले, आणि मी पीठ उडाल्याचं निमित्त केलं.

पुढे पिस्टन हातात धरून, मोजून बोअर केला, खिडक्यांच्या कडा घासून गोल केल्या, सिलिंडरच्या झाकणाची, म्हणजे हेडची, वाटी नव्या मापाला रुंद केली. आठ दिवस इंजिन हळू चालवून रुळवलं. मग धरणावर गेलो. त्यानं मूठ पिळली आणि गाडीचं तोंड पाण्याबाहेर उचललं गेलं. काठावर म्हशी धुणारी माणसं काम सोडून बघत राहिली. परत आला तेव्हा तो निथळत होता आणि हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"मामा, कुणाकडं शिकलात हो ह्ये?" त्यानं विचारलं. "आप्पांकडं?"

"मायकडं," मी म्हणालो. "चुलीपाशी."

तो खदखदून हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. खरंच सांगतोय, एवढं म्हणायला वेळ होता. पण माय, मीही त्याच्याबरोबर हसलो.