फॉर्म पाठवण्याआधी बाबांशी बोल

छोटे,

तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पहिल्या पसंतीला माझाच विषय दिसला, रसायनशास्त्र. मी प्रयोगशाळेत निघालेय, म्हणून लिहून ठेवते. तो विषय मी बाबांसाठी घेतला होता. मार्क पडले, गोडी काही लागली नाही. हे घरात कधी बोलले नाही, चुकलंच माझं.

रविवारी काकूंचं शिलाई मशीन खोललंस तेव्हा चार तास जागची हलली नाहीस. रसायनाच्या पुस्तकापुढे वीस मिनिटं टिकत नाहीस, घड्याळ लावून पाहिलंय मी! मग मेकॅनिकल चौथ्या नंबरला का गं?

सकाळी बाबांना माझं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

फॉर्म पाचपर्यंत जायचाय. बाबा दुपारी घरी आहेत. तू आजच बोल.

ताई