दरवाज्याला पाजलेलं पाणी

बाई, आपला दरवाजा राहिला. आधी हे सांगतो, मग बाकीचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं घर कुठलं हे सांगणारं माणूसही गल्लीत उरलं नाही, पण खुलताबादच्या चढावरचा तो काळा दगडी दरवाजा उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरची ती खोलीही. शाळेची कौलं गळायला लागली म्हणून आमचा वर्ग तिथं हलवला होता. खालून बैलगाडी गेली की फरशी हलकीशी थरथरायची. शेळ्यांचा कळप आला की तुम्ही कविता अर्ध्यावर थांबवायच्या, शेवटची शेळी कमानीतून पार होईपर्यंत, आणि मग नेमक्या त्याच शब्दापासून पुढं. मी खिडकीशी बसलोय, डोंगराकडं बघत. "डोंगर कुठं पळून चाललाय का? आधी ओळ पुरी कर," तुम्ही म्हणता आणि सगळा वर्ग हसतो. त्याच आठवड्यात मी अख्खी कविता न अडखळता म्हटली, तेव्हा तुम्ही पिशवीतून एक सीताफळ काढून माझ्या हातावर ठेवलंत. इतकं पिकलेलं की बोटं रुतली. घरापर्यंत कसलं पोचतंय, पायऱ्यांवरच संपलं.

गेल्या उन्हाळ्यात कचेरीतून एक साहेब आले. कमानीतली भेग त्यांनी बॅटरी लावून पाहिली आणि सरळ सांगितलं, की पावसाळ्याआधी परत येईन, भेग अशीच दिसली तर दरवाजा उतरवावा लागेल, खालून माणसं जातात. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मग आम्ही चार म्हाताऱ्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली आणि पडेगावहून एक गवंडी आणला. तिशीतला, बोलायला तिखट, कानात कायम मोबाईलची वायर. सिमेंट नको म्हणाला, जुन्या दगडाला ते धरत नाही. चुना, वाळू, विटांची भुकटी, गूळ आणि मेथीचं पाणी असं मिश्रण त्यानं घोटायला लावलं. गल्लीभर गुळाचा वास आणि आमच्या पायांना मुंग्या. भेगा भरल्या, दगडांमधले सांधे भरले, वर ओली पोती बांधली. आता ही पोती दिवसरात्र ओली राहिली पाहिजेत, तो म्हणाला, चुना घाईनं सुकला की तडकतो, आणि पाणी गोडं लागतं, साबणाचं नाही चालत.

आणि नेमकं तेव्हाच पाणी गेलं. कामाला जिथून टँकर यायचा ती विहीर आटली. गावात नळ तर कधीचेच कोरडे, घरोघरी टँकरचंच मोजकं पाणी. दुपारपर्यंत पोती कडक झाली. मी आपला पोत्यावर हात ठेवून पाण्याची एक जुनी कविता पुटपुटत होतो, तर गवंडी शिडीवरून म्हणाला, "शायर साब, शेर बाद में. पहले पानी लाओ." मी घरची कळशी आणली. समोरच्या चहावाल्या मावशीनं ते पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माणसाला प्यायला नाय, अन् हे निघाले दगडाला पाजायला. लई शहाणे."  तिच्या बोलण्यात चूक काय होती, बाई? लहान लेकरांच्या घरी जाऊन दरवाज्यासाठी पाणी मागायला माझी जीभ रेटेना. तुमच्या खोलीकडं बघितलं आणि वाटलं, गेली आता ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मावशीची शेगडी थंड होती. तिनं दुकानातला रांजण पोराला धरायला लावून दरवाज्याच्या कडेला आणला होता आणि तांब्यातांब्यानं पोत्यांवर पाणी मारत होती. गिऱ्हाईकं उभी. एकानं चहा मागितला तर म्हणाली, "आज चहा नाय. आज दरवाजा पितोय." मी नुसता बघत राहिलो, तशी माझ्यावरच खेकसली, "बघतो काय, दादा? जिंदगीभर याच्या सावलीत धंदा केला म्या. उन्हात बसून कोण चहा पितंय? हाण पाणी." मग काय सांगू. कुणी कळशी, कुणी तांब्या, दर्ग्याकडच्या गल्लीतून बुरख्यातल्या दोघी हंडा धरून आल्या, देवळाकडून पुजाऱ्याची सून आली. ज्याच्याकडं एकच घागर होती त्यानं पेलाभर दिलं, आणि त्याचं मी परत पाठवायला निघालो तर तो रागावला. रोज हे असंच चाललं. गवंडी वरून ओरडायचा, पाणी येतंय तोवर मी उतरत नाही, आणि खाली मावशी त्याला म्हणायची, नको उतरू, तिथंच लगीन लावू तुझं.

साहेब आले. पोती सोडली. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं कमान ठोकत नेली, दगडामागून दगड, आणि आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो. कुठंच पोकळ वाजेना. भेग होती तिथं बोट फिरवून ते म्हणाले, "राहू द्या. फक्त जड गाड्या बाहेरच्या रस्त्यानं काढा." बस, एवढंच. पण गाव असं उसळलं, की मावशीनं दिवसभर फुकट चहा पाजला आणि गवंड्याला शिडीसकट उचलायला निघाले लोक. आता वरच्या खोलीत शनिवारी पोरांचा कवितेचा वर्ग भरतो. मी शिकवतो. तुमच्यासारखं जमत नाही, मला मध्येच स्वतःलाच गुंगायला होतं, पण पोरं हलवून जागं करतात.

हे पत्र कुठं टाकणार? आणि घरात ठेवायचीही सोय नाही, सुनेच्या हाती लागलं तर पंचाईत. कारण ते सगळे दिवस मी न्हाणीघरात कडी लावून रिकाम्या बादलीत तांब्या वाजवत बसायचो, आणि माझ्या अंघोळीचं पाणी मागच्या दारानं दरवाज्याला जायचं.