क्रीटमध्ये भरलेली ओटी

॥ श्री ॥

ल्यूकन, डब्लिनजवळ
मंगळवार, १५ जुलै २०२५

सौ. विद्याताई यांस,
सुचित्राचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वप्नालीच्या नावे धाडलेलं पार्सल पोचलं. आम्ही नऊ दिवस बाहेरगावी होतो, म्हणून शेजारच्या आयरिश आजोबांनी ठेवून घेतलं होतं. आत मिळालं ते असं: डिंकाचे लाडू चोवीस (दोन फुटलेले), अळीव पाव किलो, खारकेची पूड एक पुडा, मेतकूट, भाजणी दोन किलो, आणि सानिकाला परकर-पोलकं. मेतकुटाच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं, पण सांडलं नाही. तुम्हाला टपालखर्च २,८७० रुपये आल्याचं वरच्या कागदावर दिसलं. इथे वर जकात साडेचौदा युरो भरली. लाडू मी भिंतीतल्या कपाटात ठेवलेत. त्याला इथे प्रेस म्हणतात, इस्त्रीशी काही संबंध नाही.

तुमच्या शशिकांतरावांचं पथ्य व्यवस्थित चालू असेल. आमचे हे वाईला एकटे आहेत. रोज फोन करून साखरेचा डबा कुठे आहे ते विचारतात, आणि तो रोज तिथेच असतो.

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुमच्या मनात येईल. इथल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. वर शिंकलं की खाली ऐकू येतं. आणि दुसरंही कारण आहे.

आधी सहलीचं लिहिते. क्रीट म्हणून ग्रीसचं मोठं बेट आहे, भूमध्य समुद्रात. त्याचा व्हिसा मी मुंबईहूनच काढून आणला होता. सानिकाच्या शाळेला सुट्टी लागली, आणि पहिल्या तारखेला पहाटेच्या विमानाने निघालो. तिथे भाड्याची गाडी. नऊ दिवसांत चौदाशे किलोमीटर फिरलो, मी रोज आकडा पाहून ठेवत होते. विद्याताई, खरं सांगते, मी इतकी कधी कावले नव्हते. डोंगरातले रस्ते एका गाडीचे, आणि वळणावर हमखास बकऱ्या. प्रसन्नच्या फोनमध्ये यादी. यादीत बारा गावं, तीन किल्ले, दोन घळी आणि एक गुहा. उतरायचं, फोटो काढायचा, बसायचं. पाहिलं काय विचाराल तर पडके दगड.

"आई, हा राजवाडा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे."

"असेल बाबा. पण छप्पर कुठाय? आणि याला पंधरा युरो?"

"तू पैशात नको ना बघूस."

"मग कशात बघू? सावलीसुद्धा नाही."

मागच्या सीटवरून सानिका म्हणाली, "आजी, यू आर गिव्हिंग आउट अगेन." गिव्हिंग आउट म्हणजे कटकट करणं, हे मला प्रसन्नने सांगितलं. सात वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं आणि उत्तर देते इथल्या आयरिश हेलात. राग आला आणि हसूही आलं.

जेवणाचे हाल झाले नाहीत एवढं खरं. भात भरलेले टोमॅटो मिळत, आपल्या भरल्या भाजीसारखे. रानातल्या पाल्याची उकडलेली भाजी मिळे, लिंबू पिळून. एका खेड्यात एका म्हातारीने अंगणातली जर्दाळू ओंजळभर दिली आणि पैसे घेईना. अशा ठिकाणी दोन दिवस बसून राहावं तर नाही, यादीत पुढची घळ.

स्वप्नाली पुढे बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. घळीत ती उतरली नाही, किल्ल्यावर चढली नाही. चौथ्या दिवशी मी बोलले, "झोपायचंच होतं तर ल्यूकनला काय वाईट होतं? एवढे पैसे घालून?" ती म्हणाली, "हो आई." एवढंच. प्रसन्नने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बायकोची बाजू घेतोय.

सहाव्या दिवसाचं लिहायचं आहे. कालपासून दोनदा कागद पुढे घेतला आणि दोन्ही वेळा उठून भांडी घासली. आता सकाळचे दहा वाजलेत, ही दोघं कामावर आहेत आणि सानिका उन्हाळी शिबिराला. आता नाही लिहिलं तर होणार नाही.

तो दिवस आषाढी एकादशीचा होता, रविवार. मला उपास. एका डोंगरगावात पांढरं लहानसं देऊळ, त्यांच्या मरीआईचं, म्हणजे येशूच्या आईचं. नुकतीच पूजा आटोपून माणसं बाहेर पडत होती. आत काळ्या कपड्यातली एक म्हातारी मेणबत्त्या विझवत होती. तसबिरीच्या चौकटीखाली दोरीला पत्र्याचे ठसे लटकवलेले. कुठे डोळे, कुठे पाय, कुठे हात. मी पाहताच ओळखलं. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, पाळणा वाहतात, अगदी तेच. त्यांत तान्ही बाळंही होती, हाताच्या बोटाएवढी.

इतक्या दिवसांत माझ्या ओळखीची ती पहिली गोष्ट. विद्याताई, मला तिथे भरून आलं. सानिका सात वर्षांची झाली, पाठचं भावंड नाही, हे मी किती दिवस मनात घोळवत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. ओटीचं सामान माझ्या पिशवीत असतंच: खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड. नारळ ल्यूकनच्या इंडियन दुकानातून घेऊन सामानात घातला होता, त्यावरून प्रसन्न हसलाही होता, "ग्रीसला नारळ कोण नेतं?" मेणबत्त्यांच्या टेबलावरच्या पेटीत पाच युरो टाकले आणि तिथे विकायला ठेवलेलं पत्र्याचं बाळ घेतलं. स्वप्नालीला म्हटलं, "ओढणी पसर."

"आई, इथे नको."

"इथेच. आई ती आईच. पसर."

म्हातारी बघत होती. चारचौघांत सासूचा शब्द खाली पडू नये म्हणून तिने ओढणी पसरली, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ऐकलं बरं झालं. मी ओटी भरली, वर ते बाळ ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे. हिला बुद्धी दे, नोकरीच्या मागे लागून बाईने वय घालवू नये."

स्वप्नाली तशीच उभी. तांदूळ गळू नयेत म्हणून दोन्ही हातांनी ओढणीची टोकं धरलेली. रडली नाही. तिचा चेहरा मला आता कागदावरही मांडता येत नाही. मग ती म्हातारी पुढे आली. तिने ओटीतलं ते बाळ हळूच उचललं, पेटी उघडून पाच युरोची नोट काढली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. मग स्वप्नालीच्या गालावर तळवा ठेवून उभी राहिली. जी गोष्ट तिला एका क्षणात दिसली, ती मला नऊ वर्षं सून असलेल्या पोरीच्या तोंडावर दिसली नाही.

स्वप्नालीने ओटी माझ्या हातात दिली. "आई, हे धरा." आणि जाऊन गाडीत बसली. प्रसन्न तिच्यामागे गेला.

मी आणि सानिका बाहेर तुतीच्या झाडाखाली दगडावर बसलो. मी फणफणत होते. म्हटलं, "तुझ्या आईला झालंय तरी काय?" सानिका तांदळाचे दाणे मोजत होती. वर न बघता म्हणाली, "मम्माच्या टमीत बेबी होतं. इट डाइड. वी डोंट से इट टू यू."

"मला का नाही सांगायचं गं?"

"बिकॉज यू'ड बी गिव्हिंग आउट."

विद्याताई, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. मी कुणाला सांगते आहे? तुमची लेक आहे.

संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात मी प्रसन्नला गाठलं. पाचव्या महिन्यात गेलं, एवढं त्याने सांगितलं. तेव्हाही मला दुःख आधी झालं नाही, राग आधी आला. म्हटलं, मी कोण परकी? पाच महिन्यांचं पोट, आणि आजीला पत्ता नाही? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे! धावत आले असते."

"आधी विचारलं असतंस. ती जड उचलत होती का. कामावर त्या प्लान्टमध्ये तासन्‌तास उभी का राहत होती. अमावास्येला कुठे गेली होती. पत्रिका काढली असतीस. कुणाचं चुकलं ते शोधून काढल्याशिवाय तू पाणी प्यायली नसतीस, आई."

त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मग त्याने मार्चचं सांगितलं. तेव्हा स्वप्नाली दोन आठवडे माझ्या फोनवर आली नव्हती. एके दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "सासूशी दोन मिनिटं बोलायला तिला वेळ नाही? चार पैसे मिळवते म्हणून एवढा माज?" त्याचे दोन्ही हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. ती समोर सोफ्यावर पडलेली. दवाखान्यातून येऊन दोनच दिवस झाले होते. त्याने कोपराने फोन बंद केला. मला वाटलं, लाइन गेली. मी पुन्हा लावला.

आणि मी तुम्हालाही लावला होता. आठवतं ना? आठवत असणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी. मी म्हटलं होतं, "विद्याताई, लेकीला जरा वळण लावा. आमच्याकडे असं चालत नाही." तुम्ही म्हणालात, "बरं, सांगते तिला." मग तुम्ही यांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत. तुमची पोर तिकडे तशी पडलेली असताना तुम्ही माझ्याकडून बोलणं ऐकून घेतलंत आणि गुडघ्यांची चौकशी केलीत.

तुम्हाला सगळं माहीत होतं, याची खात्री मला पार्सल उघडल्यावर पटली. डिंक, अळीव, खारीक. बाळंतिणीशिवाय हे कोण कुणाला धाडतं, तेही ऐन जुलैत? प्रसन्न म्हणाला, मार्चपासून हे तिसरं पार्सल. तुम्ही स्वतःच येणार होतात, कागद गोळा करून ठेवले होते. पण माझा अर्ज आधी गेला होता, आणि मी हट्ट धरून बसले होते की पहिला मान मुलाच्या आईचा. घर लहान, दोघींना एका वेळी बोलावता येईना. तेव्हा तुम्हीच जावयाला म्हणालात, "त्यांना आधी येऊ दे, नाहीतर त्यांना संशय येईल आणि हिला त्रास होईल." म्हणजे आईच्या जागी मी येऊन बसले. आणि येऊन काय केलं ते वर लिहिलंच आहे.

घरी आल्यापासून ती माझ्याशी वाईट वागत नाही. वागली असती तर बरं. "हो आई. ठेवा आई. मी करते आई." सकाळी सातला प्लान्टला जाते, सहाला येते. जेवते आमच्यानंतर. काल प्रेससमोर उभं राहून ती तुमचा लाडू खात होती, डोळे मिटून. मी दारातूनच मागे फिरले. माझी चाहूल लागली असती तर तिने तो अर्धा ठेवला असता.

मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तोंडून भलतंच निघालं. एकदा "दूध तापवू का", आणि एकदा, सांगायला लाज वाटते, "कपडे वाळलेत, आत घे." जन्मभर हुकूम सोडण्याची सवय, दुसरं काही जिभेवर येतच नाही.

आता कामाचं लिहिते. माझं तिकीट बारा ऑगस्टचं आहे. प्रसन्नला सांगून मी ते अलीकडे घेतेय, एकोणतीस जुलै. तो नको म्हणाला, पण जोर लावून म्हणाला नाही. तुमच्या निमंत्रणाचं पत्र त्याने काल लिहिलं, आणि मी शेजारी बसून लिहवून घेतलं. व्हिसाला सहा-आठ आठवडे लागतात म्हणे, तेव्हा कागद लगेच टाका. माझी खोली झाडून, पलंगाच्या चादरी धुऊन ठेवते. तुम्ही नाही म्हणाल, मला वाईट वाटेल म्हणून. म्हणू नका. माझं वाईट वाटणं सांभाळण्यात या घरातल्या सगळ्यांचं वर्ष गेलंय.

दोन गोष्टी या पत्राच्या उलट टपाली कळवा, फोनवर नको. हे मी कुरिअरने धाडते आहे, तुम्हीही स्पीड पोस्ट करा, म्हणजे मी निघण्याआधी मिळेल.

पहिली, मी जाण्याआधी स्वप्नालीशी बोलावं, की गप्प जावं? तिला कशाने कमी लागेल ते तुम्हालाच कळेल. तुम्ही सांगाल तसं करीन, अक्षरशः तसं.

दुसरी, ती तारीख. प्रसन्नला विचारवत नाही आणि तिला विचारायचा मला अधिकार नाही. मार्चमधला नक्की कोणता दिवस, आणि मुलगा होता की मुलगी, कळलं असेल तर लिहा. मी कुणाला सांगणार नाही, त्याचं काही करणार नाही, कुणाची चूक शोधणार नाही. माझ्या नातवंडाबद्दल मला काहीतरी माहीत असावं, एवढंच. सांगावंसं वाटलं नाही, तर त्या ठिकाणी कोरी जागा सोडा. मी समजेन.

लोभ असावा, हे लिहायचा हक्क मी मार्चमध्ये घालवला, म्हणून ते लिहीत नाही. उत्तराची वाट पाहते.

स्वप्नालीच्या घरातून,
सुचित्रा