स्पॅममध्ये गेलेला रिपोर्ट

कुएन्का, ६ ऑगस्ट

प्रिय एल्विया मावशी,

तुझा आशीर्वाद मागून लिहायला बसले आहे. चौथी किमो झाली, तोंडाला चव नाही, तरी उकडलेल्या मक्याचे दोन घास पोटात जातात, असं आईकडून कळलं. इथे नेहमीची ऑगस्टची थंडी आहे. माझी कंबर दुखते, बाकी बरी आहे.

हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. मेल केला असता, पण माझ्या मेलवर तू आता का विश्वास ठेवावास?

मी नोकरी सोडली, हे आईने सांगितलं असेल. कारण तिलाही माहीत नाही. "दमले होते," एवढंच मी म्हटलं. दमले होते हे खरंच आहे.

आमचं ऑफिस एका दवाखान्याचे मेल पाठवायचं. त्यात तपासण्यांचे रिपोर्ट असायचे आणि जाहिरातीही: दात पांढरे करून घ्या, चष्म्यावर सूट. जानेवारीत जाहिरातींचा जोर वाढवायचं ठरलं, तेव्हा मी वीस हजार लोकांचे पत्ते विकत आणले. त्या लोकांनी आमचं नावही ऐकलं नव्हतं, आणि कितीतरी पत्ते कधीचेच बंद पडलेले. मेलच्या वर मोठ्या अक्षरात 'मोफत' लिहिलं, पुढे तीन उद्गारचिन्हं. मेल नको असेल तर नाव काढून टाकायची एक ओळ खाली असते, ती इतकी बारीक केली की कुणाला दिसूच नये. आमचा साहेब विल्मर खूश. "नार्सिसा, कमाल केलीस!"

मेलचं असं असतं मावशी, लोकांनी वैतागून तक्रारी केल्या की पाठवणाऱ्याचं नावच बदनाम होतं. मग त्या पत्त्यावरून काहीही जावो, ते थेट स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलच्या ढिगात. आणि जाहिराती नि रिपोर्ट आम्ही एकाच पत्त्यावरून पाठवत होतो. तसं करायचं नसतं. हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

फेब्रुवारीत तू त्याच दवाखान्यात छातीची तपासणी करून घेतलीस. "कागद घ्यायला मी येते गं गुरुवारी," म्हणालीस. मीच म्हटलं, "कशाला बसने हेलपाटे घालतेस? मेलवर येईल." तुझ्या मोबाईलवर मेल मीच सुरू करून दिला.

'ताबडतोब येऊन भेटा' असं लिहिलेला तो रिपोर्ट मे महिन्यात रोसिओला स्पॅममध्ये सापडला. केवढी ओरडली ती तुझ्यावर! "आई, तुला साधा मेल बघता येत नाही?" तू पलंगावर बसून म्हणालीस, "मीच बावळट. हे मोबाईलचं माझ्या डोक्यात शिरतच नाही." वर माझ्याकडे बघून तिला म्हणालीस, "या बिचारीने शिकवलं होतं गं."

मी खिडकीशी उभी होते. काही बोलले नाही.

पुढचं लिहायला तीन कागद फाडले. मावशी, मला माहीत होतं. तुझी तपासणी व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिला होता. तो स्पॅममध्ये पडला. विल्मरला सांगायला हवं होतं. पण पत्ते आणायची कल्पना माझी, शाबासकी मला मिळालेली. म्हटलं, जाहिराती थोड्या कमी करू, होईल हळूहळू ठीक. रिपोर्टांचं लक्षात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. आणि मी जेवायला निघून गेले.

जूनमध्ये शेवटी विल्मरला सगळं सांगितलं. तो टेबलावर डोकं टेकवून बसला. मग आम्ही दवाखान्यात गेलो. कुणी न उघडलेले दोनशे बारा रिपोर्ट निघाले. मी एकेकाला फोन केले, नऊ दिवस. एक बाई म्हणाल्या, "अहो, काही नसेल म्हणूनच कळवलं नाही असं वाटलं मला." त्यांच्या रिपोर्टमध्ये खरोखरच काही नव्हतं. बहुतेकांच्या नव्हतं. तुझ्यासारखे आणखी दोघे निघाले.

आता रिपोर्ट वेगळ्या पत्त्यावरून जातात, आणि कुणी उघडला नाही तर दवाखान्यातून फोन जातो. ते मार्गी लागल्यावर मी राजीनामा दिला.

हे पत्र रोसिओकडून मोठ्याने वाचून घे. तिनेही ऐकायला हवं. तू रोज मेल बघत होतीस, बरोबर बघत होतीस. जिथे बघायला मी शिकवलं होतं, तिथे तो आलाच नव्हता.

चूक तुझी नव्हती.

नार्सिसा


ग्वालासेओ, १४ ऑगस्ट

नार्सिसा,

पत्र मिळालं. रोसिओने अर्धं वाचलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. उरलेलं मी चष्मा लावून वाचलं. ती बराच वेळ माझ्या पायाशी बसून होती. मे महिन्यापासून पोर माझ्याशी धड बोलत नव्हती.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तीन महिने आधी आले असते तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. परत विचारणार नाही.

मला तुझा राग आलाय. मेल बिघडले ते एक वेळ समजू शकते. पण मी स्वतःला बावळट म्हणत होते आणि तू ऐकून घेतलंस! इतके दिवस जेवताना, भांडी घासताना मी स्वतःला शिव्या देत होते. परवापासून ते थांबलंय.

पाचव्या किमोला रोसिओला सुट्टी मिळत नाही. गुरुवारी सकाळी सातला कुएन्काच्या बस टर्मिनलवर ये. माझी पिशवी तू धर. बोलायचं की नाही ते मी तेव्हा ठरवीन.

एल्विया मावशी