दुसऱ्या कुणीतरी कनेक्शन घेतलं आहे

३ मार्च

आज रुजू झाले. मिरजेहून सकाळची एसटी धरली आणि जतच्या रस्त्याला फाट्यावर उतरले. समोर कोल्ड स्टोरेजची पांढरी इमारत, मागे खडकाळ माळ, माळावर मेंढरं. इतकं मोकळं आभाळ मिरजेत कुठलं दिसायला! आत पाऊल टाकलं की बेदाण्याचा गोड वास नाकात भरतो, त्यात थोडी गंधकाची झाक.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. इथले कॉम्प्रेसर, पंखे, खोल्यांचे दरवाजे, सगळं एका सर्व्हरवरून चालतं. मालक वीरधवल सर साताऱ्याच्या ऑफिसात बसतात आणि रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे इथलाच पडदा तिथल्या कॉम्प्युटरवर उघडून, हवी ती कळ दाबतात. गेले काही महिने हे कनेक्शन टिकत नाही. माझ्याआधी दोघं येऊन गेले. सरांनी फोनवर बजावलं की कारणं ऐकायची त्यांना सवय नाही.

अब्बा मिरजेत तंबोरे बनवतात; ते तारेला कान लावतात तसा मी सर्व्हरच्या पंख्याला लावला. सूर बरोबर होता. हसू आलं मला माझंच.

राहायची सोयही झाली. कॉम्प्रेसरवरच्या तात्याबांनी मनुबाईंच्या घरी खोली बघून दिली. मनुबाई इथंच बेदाणा निवडायला येतात. पन्नाशीच्या असतील. भिंतीवर नवऱ्याचा फोटो आहे, लष्कराच्या गणवेशातला. जोतीराम. पलटणीतून निवृत्त होऊन इथं ऑपरेटर झाले आणि गेल्या वर्षी कामावरच वारले, एवढंच त्यांनी सांगितलं. मग ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "खा पोरी, लाजू नगंस."

५ मार्च

दिवसभर शोधाशोध. नेटवर्क बरोबर. फायरवॉल बरोबर. रिमोटची सेवा चालू, परवाना शिल्लक, मुख्य केबल नवी. माझ्या लॅपटॉपवरून जोडलं की पहिल्या झटक्यात जोडलं जातं. थोड्या वेळानं पडदा काळा होतो आणि ओळ येते: दुसऱ्या युजरने कनेक्शन घेतल्यामुळे तुमचे कनेक्शन तुटले आहे.

हा दुसरा कोण, ते पाहिलं. युजरचं नाव: jotiram.

क्षणभर चमकले. मग उलगडलं. गेलेल्या माणसाचं खातं कुणी बंदच केलं नव्हतं आणि त्याचा पासवर्ड वापरून कुणीतरी खोड्या काढत असणार. असं सगळ्या कंपन्यांत असतं. खातं पुसून टाकलं, सगळे पासवर्ड बदलले. सरांना कळवलं की झालं. 

संध्याकाळी मनुबाईंना सांगावंसं वाटलं, पण नवऱ्याचं खातं आपण पुसलं हे कसं सांगायचं? 

७ मार्च

पुन्हा तुटलं. पुन्हा तेच नाव, जे मी स्वतः पुसलंय.

आज पत्ता शोधून काढला. कनेक्शन बाहेरून येतच नाही. चार नंबरच्या खोलीबाहेर जो पॅनेलचा कॉम्प्युटर आहे, तिथून येतं. म्हणजे खोड्या काढणारा इमारतीतच आहे. तडक तिकडे गेले.

तिथे कॉम्प्युटर नाही. भिंतीत चार खिळे आणि कापलेल्या वायरीचं टोक. तात्याबांना विचारलं. ते म्हणाले की ती घटना झाल्यावर साहेबांनी तो काढायला लावला, गेल्या वर्षीच. कसली घटना म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्रेसरकडे बोट केलं, आवाजात ऐकू येत नाही म्हणाले.

मी तिथे उभी असताना कुठे हललं नाही, कुठे वाजलं नाही. फक्त त्या कापलेल्या टोकाला हात लावला तर ते गरम होतं.

१० मार्च

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली. आता बाहेरचं जग या मशीनपर्यंत पोचूच शकत नाही. केबल माझ्या हातात होती. थेट सर्व्हरच्याच कीबोर्डवर बसले.

पडदा काळा. दुसऱ्या युजरने कनेक्शन घेतल्यामुळे—

ॲडमिनला, म्हणजे मला, दुसऱ्याचा पडदा नुसता बघता येतो. मी तो उघडला.

कॉम्प्रेसर बंद. चार नंबरचं दार खुलं. पंखे चालू. कुणीतरी नीट, शिस्तीत एकेक कळ दाबून ठेवत होतं. मग आपोआप सगळं उलटं झालं. कॉम्प्रेसर चालू. दार बंद. माउसचा बाण घाईनं धावला आणि दार उघडायच्या कळेवर गेला, पण तेवढ्यात पडदा विझला. परत उजळला. परत बाण धावला. परत विझला. कितीतरी वेळ हेच चाललं. बाण थरथरायला लागला होता. शेवटी तो त्या कळेवरच थांबला, तिथून हलला नाही.

मी केबल परत लावली. 

११ मार्च

तात्याबांना गेटबाहेर चहाच्या गाडीवर गाठलं. आधी टाळत होते. मग डोळे भरून आले आणि बोलले.

गेल्या वर्षी चार नंबरमध्ये अमोनियाची, म्हणजे गारव्यासाठी वापरतात त्या विषारी वायूची, गळती झाली. जोतीरामांनी कॉम्प्युटरवरून मशीन बंद केली, दार खुलं ठेवलं, पंखे लावले आणि व्हॉल्व्ह बंद करायला स्वतः आत गेले. साताऱ्यात सरांना दिसलं की मशीन बंद आहे आणि गारवा बाहेर चाललाय. त्यांनी तिथून ताबा घेतला. मशीन चालू केली, दाराचं चुंबकी कुलूप लावलं. आतून दार उघडायचा खटका त्यांनी चोरीच्या भीतीनं आधीच काढून टाकला होता. तात्याबा पॅनेलकडे धावले. दार उघडायला गेले की सर साताऱ्यातून कनेक्शन घेऊन त्यांना पडद्याबाहेर फेकत.

"आवं मॅडम, फोन केला की मी," तात्याबा म्हणाले. "म्हनलं साहेब, मानूस हाय आत. तर म्हनले, मला शिकवू नको, माल खराब हुतोय. मानूस आतनं दार बडवत हुता. मी ऐकलंय त्ये."

आणि पोलिसांना? पोलिसांना तात्याबांनी सांगितलं की जोतीरामनंच चुकून दार लावून घेतलं. सरांनी तसं सांगायला लावलं होतं.

घरी आले तर मनुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "समदं ठाव हाय मला. तात्याबाच्या तोंडावर लिवलेलं हाय त्ये."

मग आग सारखी करत, शांतपणे, "फोनवर न्हाई आन् त्या कॉम्प्युटरवर न्हाई. साताऱ्यात बसून न्हाई. त्यो हितं यायला पायजे, सवताच्या पायानं. माझा मानूस त्येचीच वाट बघतुया."

तेव्हा कळलं. हा बिघाड नाहीच. सरांना इथे ओढून आणायची ही दोरी आहे. ते यावेत म्हणून कनेक्शन तुटतंय.

१२ मार्च

चार नंबरचं तापमान चढतंय. मशीनला काही झालेलं नाही. साताऱ्याहून पडदाच उघडत नाही. सर ओरडले. उद्या स्वतः येतो म्हणाले.

मी सांगितलं, येऊ नका. खरंच सांगितलं. चार नंबरमध्ये जाऊ नका, आतला खटका परत बसवेपर्यंत तरी नका. ते हसले आणि म्हणाले की आता मुलीसुद्धा भुताखेतांच्या गोष्टी सांगून पगार घेतात.

मनुबाईंनी रात्रीच लुगडं धुऊन वाळत घातलं. लग्नाकार्यातलं, हिरवं.

१३ मार्च

आले. साडेदहाच्या उन्हात पांढरी गाडी. कुणाकडे न बघता सरळ चार नंबरमध्ये गेले. कुणाला काहीही सापडत नाही, आता मीच बघतो म्हणाले. मला कंट्रोल रूममध्ये बसायला सांगितलं. तिथल्या काचेतून चार नंबरच्या दाराची चौकोनी काच समोर दिसते.

कुलूप लागल्याचा आवाज झाला. खट्.

मी कळ दाबली. उघडा. पडदा काळा. दुसऱ्या युजरने— परत जोडलं. परत काळा. परत. तात्याबा दाराला लोंबकळले, दोन हमाल लोंबकळले, चुंबक सुटेना. अमोनियाचा वास आला. सरांचा चेहरा काचेला चिकटला होता. माझ्याकडे बघत होते. तोंड हलत होतं.

मनुबाई हिरव्या लुगड्यात दारापुढे उभ्या. हाताची घडी घातलेली. त्यांच्या नजरेला नजर भिडली आणि माझा हात माउसवर थांबला. एक क्षण. का थांबला ते लिहिणार नाही.

दार आपोआप उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

१५ मार्च

पोलीस येऊन गेले. तात्याबांनी या वेळी दोन्ही घटना खऱ्या सांगितल्या, गेल्या वर्षीची आणि कालपरवाची. रडत सांगितल्या.

कनेक्शन आता एकदाही तुटत नाही. साताऱ्याहूनही लागतं. jotiram हे नाव कुठेच नाही.

मनुबाई घरी गुणगुणत होत्या. मला म्हणाल्या, "आता निजंल त्यो." मीही खूप दिवसांनी झोपले. सरांची दया यायला हवी होती. नाही आली.

१८ मार्च

तुटलं.

दुसऱ्या युजरने कनेक्शन घेतल्यामुळे.

नाव: veerdhaval.

पत्ता तोच. चार नंबर. खिळे आणि कापलेली वायर.

मनुबाईंना सांगितलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "येऊ दे की." पण चूल पेटवताना तीन काड्या वाया घालवल्या.

१९ मार्च

मनुबाई गेल्या.

दुपारी. एक नंबरमध्ये बॉक्स मोजायला पाठवलं होतं. एक नंबरमध्ये गळती नव्हतीच कधी, आज झाली. कुलूप— मी धावले, कळ दाबली, दाबली— veerdhaval, veerdhaval—

जोतीराम वाट बघत होते. सर वाट बघत नाहीत.

तात्याबा कॉम्प्रेसर सोडून म्हसवडला बहिणीकडे पळाले. जाताना म्हणाले, "तुमी बी जावा मॅडम. ज्येनं ज्येनं बघितलंय त्येला सोडायचा न्हाई त्यो."

२० मार्च

राजीनामा द्यायला आले फक्त. किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि निघायचं. बाहेर लख्ख ऊन आहे. कंट्रोल रूमचं दार—

खट्.

वायर उपटली. पडदा चालूच आहे. बाण फिरतोय. सावकाश. पंखे बंद. एकेक करून बंद.

काच फुटत नाही. खुर्ची मारली. हमाल जेवायला गेलेत. ओरडले.

दाराखालून अमोनियाचा वास येतोय, डोळे चुरचुरायला लागलेत. वहीत लिहितेय म्हणजे कुणाला तरी कळेल की—

सर, तुम्ही काचेतून बघितलंत. माझा हात माउसवर दिसला तुम्हाला. मी दार उघडत होते. सर, मी उघडतच होते. मी एकदाच थांबले, एकदाच, तेसुद्धा—